पन्हळ तुंबणारच, पाणी बाहेर कुठून पडेल ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातलं जुनं कौलारू घर. काही वर्षांपूर्वी मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या वाढवल्या. जुन्या छपराचा मागचा उतार आणि नवी स्लॅब यांच्या मधोमध पत्र्याची पन्हळ. गेल्या जूनमध्ये एका रात्री ती तुंबून भरली आणि माजघरात घोटाभर पाणी झालं. घरी सत्तरीपुढचे आईवडील, मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला विचारायचंय, पन्हळीवर जाळी बसवली तर भागेल का, की सगळ्यावर एकदाची पत्र्याची शेड घालून मोकळं व्हावं?

मी छपरांचीच कामं करतो. आधी कोकणात केली, गेली काही वर्षं पुण्याच्या बाजूलाही करतोय. माझं उत्तर: सुरुवात या दोन्हींपैकी कशानंच करू नका. जाळीनं तुंबायचं थांबत नाही, फक्त तुंबायची जागा बदलते. आणि शेडलाही पन्हळ लागतेच.

आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. वळचणीला लावलेली बाहेरची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेरच्या कडेवरून अंगणात पडतं. त्रास होतो, नाही असं नाही. जोत्यावर शिंतोडे उडतात, चिऱ्याची भिंत खालून भिजते, शेवाळ धरतं. पण माजघरात पाणी येत नाही. फक्त एक बघायचं: पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा इंचभर खाली हवी. उलटं असलं तर भरलेलं पाणी भिंतीकडे वळतं आणि वाशांच्या टोकांवरून आत येतं. हे काम पत्रेवाला तासाभरात करून देतो.

तुमची पन्हळ त्यातली नाही. ती घराच्या पोटात आहे. एका बाजूला कौलं, दुसऱ्या बाजूला स्लॅबची भिंत. ती भरली की पाण्याला जायला एकच जागा उरते: कौलांच्या खालून, वाशांवरून, थेट माजघरात. वाढीव बांधकाम केलेल्या कोकणातल्या कितीतरी घरांना हे दुखणं आहे. जुनं घर बांधणाऱ्यांनी छपराचं पाणी चारी बाजूंनी पागोळ्यांवाटे बाहेर सोडलेलं असतं. पुढची पिढी मागच्या पागोळीला खोली चिकटवते, आणि जे पाणी इतकी वर्षं परसात पडत होतं ते आता घराच्या मधोमध पडायला लागतं. जागा वाढली याचा आनंद एवढा असतो की पाण्याचा विचार गवंड्यावर सोडला जातो, आणि गवंडी पत्रेवाल्यावर सोडतो.

आता जरा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या पन्हळीत कौलांचा मागचा उतार, समजा जमिनीवर मोजून ३०० चौरस फूट, आणि स्लॅबचे ३०० चौरस फूट असं पाणी येतं. एकूण ६०० चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. कोकणात जोराची सर येते तेव्हा थोडा वेळ का होईना, ताशी १०० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस पडतो. त्या वेगानं मिनिटाला ९३ लिटर पाणी पन्हळीत उतरतं. पन्हळ ३० फूट लांब, ९ इंच रुंद, ६ इंच खोल धरली तर तिच्यात काठोकाठ ३२० लिटर मावतात. म्हणजे तोंड पूर्ण बंद असेल तर रिकामी पन्हळ साडेतीन मिनिटांत भरते. पुढचं सगळं घरात. माजघर १२ बाय १५ फुटांचं आणि उंबऱ्यांनी पाणी अडवलेलं असेल, तर घोटाभर पाण्याला तेराशे लिटर पुरतात. पाव तासाचा खेळ. तुमच्या वडिलांना जाग येऊन, बॅटरी शोधून, परसदार उघडेपर्यंत तो संपलेला असतो. त्यामुळे ‘रात्री लक्ष ठेवायला हवं होतं’ असं कुणी त्यांना म्हणत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

यातूनच माझं मुख्य म्हणणं निघतं. पन्हळ साफ ठेवायचीच, पण ती कधीतरी तुंबणार हे धरून चालायचं. ज्या दिवशी तुंबेल त्या दिवशी पाणी घराबाहेर कुठून पडेल, ती वाट आज करून ठेवायची. मी बघितलेल्या दहा घरांतल्या आठांत ही दुसरी वाटच नसते. पन्हळीची दोन्ही टोकं पत्र्यानं बंद, एका टोकाला तीन इंची पाइप, आणि सगळा भरवसा त्या पाइपाच्या तोंडावर. फणसाचं एक जाड पान त्या तोंडावर अगदी झाकणासारखं बसतं. मी स्वतः काढलंय. पान काढल्यावर पाण्यानं जो आवाज केला तो अजून लक्षात आहे.

तर तुमच्याकडे काय करायचं? सगळ्यात आधी स्लॅबचं पाणी या पन्हळीतून काढून घ्या. गवंड्याला सोपं पडतं म्हणून त्यानं स्लॅबचा ढाळ पन्हळीकडे दिलेला असणार. स्लॅबवर नवा कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, करून ढाळ मागे, परसाकडे फिरवा. शंभराला एक एवढा ढाळ पुरे, दहा फुटांत सव्वा इंच. पन्हळीवरचं अर्धं ओझं इथेच कमी होतं. स्लॅबचं गळतीचं काम कधीतरी करायचंच असतं, त्याच्यात हे बसवून टाका. कोबा किती जाड होतोय आणि स्लॅबला तेवढं वजन पेलेल का, हे मात्र जाणत्या माणसाला विचारा.

मग पन्हळ. आहे त्याच पत्र्याला डांबर फासत बसू नका. खाऱ्या हवेत जी.आय., म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा किती टिकतो ते तुम्हाला माहीत आहे. नवी करताना ती मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतरती करा. ३० फुटांची पन्हळ मधून दोन्हीकडे १५-१५ फूट जाईल. शंभराला एक ढाळ दिला तर मधला उंचवटा टोकांपेक्षा जेमतेम पावणेदोन इंच वर येतो. याचा फायदा बघा: एक टोक पूर्ण तुंबलं तरी पाणी दोन इंच चढून मधला उंचवटा ओलांडतं आणि दुसऱ्या टोकानं निघून जातं. पन्हळ सहा इंच खोल, म्हणजे कौलांखाली शिरायला अजून चार इंच शिल्लक. दोन्ही टोकं एकाच रात्री तुंबणं अशक्य नाही, पण फारच वाईट नशीब लागतं.

आणि टोकांना पाइप लावूच नका, मला विचाराल तर. पन्हळ भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढा आणि मोकळी सोडा. धो धो पाणी पडू दे खाली. देवळांच्या दगडी पन्हळी अशाच तर असतात, भिंतीपासून लांब पाणी फेकणाऱ्या. उघड्या तोंडाची पन्हळ तुंबवायला फारच पाला लागतो, आणि तुंबली तरी अंगणातून मान वर करून दिसतं. लोकांना हे जुनाट वाटतं, पाइप लावला की घर नीटनेटकं दिसतं म्हणतात. खाली जिथे धार पडेल तिथे एक मोठा काळा दगड बसवा, नाहीतर खळगा पडून पाणी जोत्याकडे सरकेल. तिथून परसाच्या उताराकडे उघडं गटार काढा.

टाकीत पाणी साठवायचं म्हणून पाइप हवाच असेल, तर टोकाला पत्र्याची फूटभर खोल पेटी करा. पाइप पेटीच्या तळातून काढा आणि पेटीची बाहेरची कड पन्हळीच्या कडेपेक्षा दोन इंच खाली ठेवा. पाइप बंद पडला की पाणी पेटीच्या तोंडावरून बाहेर सांडेल आणि दिसेलही. पाइप चार इंची, त्याहून बारीक नको. मी साधारण चारशे चौरस फुटांना एक चार इंची उभा पाइप धरतो. पहिल्याच वळणाला डोअर बेंड लावा, म्हणजे झाकण उघडून हात घालता येतो. पाइप तुंबतो तो बहुतेक वेळा तोंडाशी नाहीच, त्या पहिल्या वळणात. वरून बघणाऱ्याला तोंड स्वच्छ दिसतं आणि तो ‘साफ आहे’ म्हणून खाली उतरतो.

पत्र्याचं काम करून घेताना तीन गोष्टी समोर उभं राहून बघा. पत्रा कौलांच्या खाली निदान नऊ इंच वर चढला पाहिजे, आणि भिंतीकडच्या बाजूला सहा इंच वर जाऊन खाचेत घुसला पाहिजे. नुसता भिंतीला टेकवून वर सिमेंट थापलं तर पुढच्या उन्हाळ्यात सिमेंट सुटतं. जोड देताना वरच्या अंगाचा पत्रा खालच्यावर यायला हवा, उलटा नाही. हसू नका, उलटे जोड मी मोजता येणार नाहीत इतके पाहिले आहेत. तिसरं, कौलांची कड आणि भिंत यांच्यात हात आणि खुरपं जाईल एवढी फट ठेवा. पत्रेवाला कौलं पुढे ओढून पन्हळ जवळजवळ झाकून टाकतो, ‘पाला पडणार नाही’ म्हणून. पाला पडतोच. काढता मात्र येत नाही.

आता तुमची जाळी. सपाट जाळी पाइपाच्या तोंडावर ठेवणं म्हणजे पानाला बसायला पाट देणं. आंब्याची चार पानं आणि थोडा गाळ, झाली ती बंद. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी तर अजिबात नको. लावायचीच तर घुमटासारखी उभी, चारपाच इंच उंच, बोटभर फटींची. तिच्या बुडाशी पानं अडकली तरी पाणी वरच्या फटींतून आत जातं. पन्हळीवर सगळीकडून घालायच्या लांबलचक जाळ्या आणि स्पंजाच्या पट्ट्या मिळतात, त्या मी कोकणात कुणाला सुचवत नाही. तुमच्याकडे सुरूची झाडं असतील तर त्याच्या सुया जाळीच्या प्रत्येक भोकात उभ्या घुसतात, आणि मग साफ करायला आधी जाळी सोडवा, मग पन्हळ. दुप्पट काम. स्पंजात पहिल्या महिन्यात माती बसते, दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावर गवत उगवतं.

शेडबद्दल. समुद्रापासून तुम्ही किती आत आहात ते मला माहीत नाही, पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कसे उडाले ते तुमच्या घरच्यांनी ऐकलं असेलच. शेड घालायची तर सांगाडा नीट बांधलेला हवा, वाऱ्याचा विचार करून हवा, ग्रामपंचायतीत विचारून हवी. तेवढा खर्च करून शेवटी तिच्या पाण्याला पन्हळ करावीच लागणार. तेवढ्याच पैशात आत्ताची पन्हळ दोनदा नवी होईल.

साफसफाई कधी करायची, यावर सगळे ‘पावसाआधी’ म्हणतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत एकदा उरकतात. ते पुरत नाही. दहा मे ला साफ केली आणि वीसला वळवाचा वारा सुटला की आंब्याफणसाचा पाला, नारळाच्या पोया, सगळं पुन्हा जागेवर. मी रोहिणी लागली की पहिला हात मारतो, म्हणजे २५ मे च्या पुढे. दुसरा हात पहिल्या मोठ्या पावसानंतर, उघडीप मिळाली की लगेच. हा दुसरा हात कुणी मारत नाही आणि नेमका तोच महत्त्वाचा, कारण वर्षभराची धूळ, कौलांवरचं वाळलेलं शेवाळ, वानरांनी फोडलेल्या कौलांचे तुकडे, हे सगळं पहिला पाऊसच धुऊन पन्हळीत आणून ठेवतो. तुमच्याकडे पाणी आलं ते जूनमध्येच ना? तिसरा हात गणपतीच्या आधी, घरात माणसं असतात तेव्हा. हस्ताच्या पावसाला ते उपयोगी पडतं.

साफ केली म्हणजे पाला उचलून टाकला एवढंच नाही. दोन बादल्या पाणी मधल्या उंचवट्यावर ओता आणि खाली एक माणूस उभा करा. पाणी लगेच आणि जोरात आलं पाहिजे. गुळगुळ आवाज करत थांबून थांबून आलं तर वळणात काहीतरी आहे. एका घरी तीन वर्षं पाणी असंच येत होतं. शेवटी पाइप कापला तेव्हा आत सिमेंटच्या गोणीचा बोळा निघाला. प्लास्टर करताना माल आत पडू नये म्हणून गवंड्यानं तो कोंबला होता आणि काढायचा विसरला होता. नवं बांधकाम असेल तर हे आधी तपासा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुमच्या वडिलांना छपरावर चढू देऊ नका. ते चढत असणार, कारण त्या पिढीला आपलं घर शाकारायला माणूस बोलवणं कमीपणाचं वाटतं. ओली कौलं म्हणजे शेवाळाची घसरगुंडी, आणि वाळलेलं कौल पाय चुकला तर पापडासारखं मोडतं. गावात नारळ पाडणारा किंवा छपरं शाकारणारा कुणी असेल त्याच्याशी तीन फेऱ्यांचं आधीच बोलून ठेवा आणि पैसे तुम्ही पुण्यातून परस्पर द्या. वडिलांना सांगा, खाली उभं राहून तुम्ही देखरेख करा. हे त्यांना पटतं. त्या माणसालाही सांगा की पाल्यात उघडा हात घालू नको. विंचू, गांधीलमाश्या, कधी कधी साप, सगळ्यांना ती ऊब आवडते. आणि वीजमंडळाची तार छपरावरून कुठून येते ते आधी बघून ठेवायला सांगा.

रात्री पाणी येतच असेल तर पहिलं काम मेन स्विच बंद. दिव्याच्या होल्डरमधून किंवा पंख्याच्या दांडीवरून पाणी गळत असेल तेव्हा आधी भांडी लावायला धावू नये. दुसरं, पावसात शिडी लावू नये. तिसरं, स्लॅबवर पाणी साठलं असेल आणि तिथे जाता येत असेल, तर पाइपाच्या तोंडात हात किंवा पाय घालू नये. तुंबलेलं एकदम मोकळं झालं की पाणी ओढ घेतं आणि हात अडकतो. आकडीच्या काठीनं कचरा वर ओढायचा. खाली ढकलायचा नाही, ढकललेला कचरा वळणात जाऊन बसतो.

स्लॅबवरच्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या पुण्याच्या इमारतीसाठीही दोन शब्द. तिथे कौलं नाहीत, पण गच्ची आहे, चारी बाजूंनी कठडा आहे, म्हणजे ती एक मोठी टाकीच झाली. एप्रिल-मे मध्ये गुलमोहराच्या आणि सोनमोहराच्या पाकळ्या, कबुतरांची पिसं, एखादा रबरी चेंडू, आणि कोपऱ्यातला पाइप बंद. पाणी चढत चढत जिन्याच्या दारापर्यंत येतं आणि उंबरा नसेल तर जिन्यावरून खाली, लिफ्टच्या खड्ड्यात. उपाय तोच: कठड्याला आरपार चार इंची भोकं, त्यांचं बूड गच्चीच्या पातळीपासून दोनेक इंचांवर आणि जिन्याच्या उंबऱ्यापेक्षा नक्की खाली. भोकातून बाहेर नळीचा तुकडा काढा, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळणार नाही. गंमत म्हणून एक आकडा: ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. सहा इंच पाणी साठलं की तेवढा भार पुरा झाला. फूटभर साठलं तर दुप्पट.

सोसायटीत पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा असेल तर त्याचा गाळही दरवर्षी काढायला सांगा. खड्डा भरला की पाणी पाइपातच उभं राहतं आणि तीन मजल्यांच्या पाण्याचा दाब खालच्या जोडांवर येतो. मग पहिल्या मजल्यावरची भिंत का ओली, याच्यावर दोन सभा होतात आणि बाथरूमवाल्यावर आळ येतो.

आणि २६ जुलै २००५ सारखा पाऊस झाला तर? सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तशा पावसाला पुरेल अशी पन्हळ मी तुम्हाला करून देऊ शकत नाही, कुणीच देत नाही. पण दोन्ही टोकं उघडी असली तर जादा पाणी परसात पडेल.

खर्च एकदम झेपत नसेल तर क्रम असा ठेवा: या मे महिन्यात फक्त पन्हळीच्या बंद टोकांचा पत्रा कापून घ्या. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. कापलेल्या तोंडाला जिभेसारखा पुढे आलेला पत्र्याचा तुकडा रिवेट मारून बसवायचा, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता पुढे पडेल. ढाळ चुकीचा असू दे, पत्रा जुना असू दे, तरी पाण्याला बाहेरची वाट मिळते. नवी पन्हळ दिवाळीनंतर, स्लॅबचा कोबा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. आणि पत्रेवाल्याला दाखवायला फोटो हवे असतील तर या पावसाळ्यात, सर चालू असताना, माजघरातून वर वाशांचे काढून ठेवा. आईलाही जमेल ते. कुठल्या वाशावरून पाणी आधी येतं ते त्यात दिसलं की पन्हळ नेमकी कुठे खचली आहे ते कळतं. कोरडी पन्हळ बघून आम्हाला अंदाजच बांधावा लागतो.